धानाच्या धुऱ्यावरचा राखणदार

कामठ्याकडच्या आमच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे पाणी साठवलेल्या शेताच्या तुकड्यांत, सारस उतरतात आणि त्यांचे फोटो काढायला मागून मोबाईलवाले. या लोकांच्या पायांनी धुरे, म्हणजे कडेचे मातीचे बांध, फुटतात, बांधीतलं पाणी वाहून जातं. म्हणून आम्ही शेतकऱ्यांनी वर्गणी काढून एक निवृत्त होमगार्ड ठेवला. त्याला ठेवा म्हणून सगळ्यात जास्त घसा मीच फोडला होता.

तो ओरडत नाही, शिटीही वाजवत नाही. "साहेब, इधर धान है," एवढंच म्हणतो, हातात फावडं देतो आणि फुटलेला धुरा त्यांच्याकडूनच बुजवून घेतो. तोवर स्वतः तंबाखू मळत उभा राहतो.

तरुणपणी मी लोकांच्या बोडीत, म्हणजे शेततळ्यात, शिरून शिंगाडे तोडायची आणि स्वतःला निसर्गप्रेमी समजायची. वाटलं होतं, ती खोड गेली. परवा नातीसाठी सारसाचा व्हिडिओ काढता काढता मी शेजाऱ्याच्या बांधीत पोचले आणि पायाखालचा धुरा खचला.

"आजी, वापस फिरा."

"अरे, तुझ्या पगारात माझी वर्गणी आहे!"

"म्हनूनच तं थांबवून राहिलो. तुमचे पैसे फुकट कायले घालवू?"

दुसऱ्या दिवशी त्याला ठेवायचं की काढायचं याची बैठक होती. ते त्याला ठाऊक होतं. तरी त्याने धुरा माझ्याकडूनच बुजवून घेतला; माझं वय पाहून फावड्याऐवजी खुरपी दिली, एवढंच.

बैठकीत त्याच्यासाठी पहिला हात माझा वर गेला. सगळे माझ्या नखांतला चिखल बघत होते. तो मात्र दारात तंबाखूच मळत होता.