‘मॅरियन ग्रेस’वरून आलेलं पत्र

इंग्लंडमधल्या फ्लीटवुडच्या बंदरात वीस वर्षं बर्फातले मासे कापून नोरीन ब्रॅटलीची बोटं वाकडी झाली होती. त्याच बोटांनी ती आता फिल्मच्या पट्ट्या कापायची, जोडायची. लंडनच्या एका नव्या वाहिनीने गावातल्या सहा जणांना पगार, कॅमेरा आणि संकलनाचं टेबल दिलं होतं. तुमची फिल्म तुम्ही बनवा, आम्ही दाखवू, एवढीच बोली.

नोरीनने विषय निवडला ‘मॅरियन ग्रेस’चा. ही मासेमारीची बोट नऊ वर्षांपूर्वी नॉर्वेच्या उत्तरेला सतरा माणसांसकट बुडाली. त्यांत नोरीनचा नवरा डग होता, आणि तिची संकलनाच्या टेबलावरची जोडीदारीण एडी हिचा एकुलता एक मुलगा.

फिल्म गुरुवारी दाखवायची होती. मंगळवारी सकाळी वाहिनीचा रॉडरिक पेन लंडनहून स्वतः आला. कोटही न काढता म्हणाला, “बोटीच्या मालकांच्या वकिलाची नोटीस आलीय. बोटीवरचा वायरलेस बंद होता हे मालकांना ठाऊक होतं, असं फिल्ममध्ये म्हटलंय ना? ते सिद्ध करा म्हणतात.”

“विल्फनं सांगितलंय की कॅमेऱ्यासमोर!” नोरीन म्हणाली. “बोटींचे वायरलेस दुरुस्त करायला तोच जायचा.”

“विल्फनी काल फोन करून शब्द मागे घेतला.”

“घेणारच,” एडी फणकारली. “त्याचा जावई मालकांच्याच गोदीत कामाला आहे ना!”

“वरचे म्हणतात,” रॉडरिक म्हणाला, “वायरलेसची ती दोन मिनिटं काढा. मी म्हटलं, फिल्म त्यांची, कात्री त्यांच्याच हातात राहील. पण उद्या दुपारपर्यंत मला एखादा पुरावा द्या. नाहीतर माझ्याही हातात काही राहणार नाही.”

ती दोन मिनिटं काढली तर उरत होतं काय? वादळ आलं, माणसं गेली. मालक नऊ वर्षं हेच सांगत होते.

नोरीन तडक विल्फकडे गेली. त्याने दार उघडलंच नाही. पत्रं टाकायच्या फटीतून आवाज आला, “जा गं बाई. माझ्या पोरीच्या संसारात माती कालवू नकोस.”

ती घरी आली आणि शिवणयंत्राचा खण ओढून बसली. तळाशी एक पत्र होतं. बोट बुडायच्या पाच दिवस आधी डगने नॉर्वेतून टाकलेलं. ते तिने कुणालाही दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते एडी आणि रॉडरिकपुढे टेबलावर ठेवलं. एडीने मोठ्याने वाचलं. “वायरलेस पार मेलाय. कप्तानानं मालकांना कळवलं, ते म्हणतात परत आल्यावर बघू. आणि नोरीन, परत आल्यावर मी तुझ्याकडे राहणार नाही. माझं दुसरीकडे जमलंय.”

एडीने पत्रावरची तारीख बघितली. “बोट बुडाल्याची सरकारी चौकशी झाली तेव्हा हे तुझ्याजवळ होतं?”

“होतं.”

“माझं पोर गेलं, नोरीन! आणि तू गप्प राहिलीस?”

“लाज वाटली गं. गावात तोंड कसं दाखवू, असं झालं.”

एडीने पत्र खाली ठेवलं आणि ती निघून गेली.

रॉडरिक हळूच म्हणाला, “खालच्या ओळी झाकता येतील.”

“झाकल्या तर विचारतील, काय लपवलंत. नऊ वर्षं झाकलंच की मी.” नोरीनने अख्खं पत्र कॅमेऱ्याखाली धरलं आणि स्वतःच्या आवाजात वाचलं. दोनदा आवाज फाटला. तिसऱ्यांदा नीट आला. चार वाजता वाहिनीच्या वकिलाचा होकार आला.

गुरुवारी संध्याकाळी कोळ्यांच्या क्लबात टीव्हीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. पत्र सुरू झालं तशी कुजबुज थांबली. नोरीन मागे भिंतीला टेकून उभी होती. फिल्म संपली, आणि कुणी टाळी वाजवली नाही. एकेक बाई उठून तिच्यासमोरून गेली. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी बघितलंही नाही.

मालक कोर्टात गेले नाहीत. चौकशी पुन्हा उघडा म्हणून बायकांनी अर्ज केला, त्यावर पहिली सही एडीची होती.

नोरीनशी मात्र ती पुढचं वर्षभर बोलली नाही. मग वाहिनीने पुढच्या फिल्मला मंजुरी दिली, त्या सोमवारी ती संकलनाच्या टेबलाशी आली, समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “सरक जरा. उजेड अडवतेस.”