मोडलेला पाय

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी सहा वर्षं आमच्याकडच्या बोलीतले शब्द गोळा करून स्वतः टाइप केले होते. २००९च्या उन्हाळ्यात त्यांचा संगणक कायमचा बंद पडला. फाइल तेवढी बचावली, पण नव्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्यांचा तो जुना फॉन्ट आता कुठेच मिळत नव्हता. पुन्हा टाइप करणं अशक्य होतं, कारण काचबिंदूने बाबांची नजर जवळजवळ गेली होती.

त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने त्यांना ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं होतं. "निघण्यापूर्वी शब्द शाबूत आहेत, एवढं सांग," म्हणाले होते.

मी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत संगणकावर काम करायची. जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड खुला ठेवतात अशी एक साइट मला माहीत होती. तिथे हा फॉन्ट कुठल्याही संगणकावर दिसणाऱ्या युनिकोडमध्ये बदलणारा कोड कोणीतरी ठेवला असणार, अशी खात्री होती. पण अडीच वाजून गेले होते आणि तीनला वीज जाणार होती. पोफळीचं वीजघर इतकं जवळ, तरी भारनियमन आमच्याच कपाळी!

'मराठी फॉन्ट' शोधलं, तर पोरासोरांचे अर्धवट प्रकल्प आले. इंग्रजीत 'देवनागरी' टाकलं, तर तीनच निकाल, तेही रिकामे.

"काय गो, मिळालं काय?" शेजारी बसलेल्या बाबांनी विचारलं.

"बाबा, जरा गप्प बसा हो!" मी खेकसले.

थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "काय लिहिलंयस, अक्षरं सांग बघू."

मी वैतागून सांगितली. डी, ई, व्ही, एन...

"थांब. व पुरता आहे. त्याचा पाय कशाला मोडलास?"

आपण 'देव्नागरी' म्हणतो, म्हणून मी तसंच लिहिलं होतं. व्हीनंतर ए घातला आणि निकालांची रांग लागली. आता प्रकल्पांच्या नावांत न शोधता कोडच्या आत शोधलं, फॉन्टचं नाव अवतरणचिन्हांत घालून. एकच निकाल उरला. तीनला सात मिनिटं होती. तो कोड उतरवून घेतला, फाइल त्यातून काढली, सीडीवर घेतली आणि मग उघडली.

पडद्यावर मराठी होती.

"बाबा, दिसतंय का?"

"नाही. वाच तू."

"आगर. आगोट..."

वीज गेली. पण बाबा थांबले नाहीत. "आढी. आळं. इरलं. उकडा..." एकेक शब्द, अर्थासकट, ओळीने.

सगळं त्यांना पाठ होतं. सहा वर्षांत मी त्यांच्याजवळ बसून एकदाही ऐकलं नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांना दिसणार नव्हतं, तरी मी तोंड फिरवून डोळे पुसले.