निलोचा चषक

लेनलेनच्या पायाला भिंगरी आहे, असं मालिहावात सगळेच म्हणत. जेवायला बसली तरी तिचा एक गुडघा उभा असायचा, आणि चर्चमध्ये पाद्री प्रार्थना सांगत असला तरी हिची नजर खिडकीतून बाहेर, समुद्रावर. सामार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे गाव. समोर ना बेट, ना खडक. नुसतं पाणी, आणि पाण्याच्या मागे आणखी पाणी. त्या पाण्याकडे पाठ करून ती कधी बसलीच नाही.

योलांदा वादळ आलं तेव्हा ती शाळकरी पोर होती. सगळं गाव बास्केटबॉलच्या कोर्टात जमलं होतं. सिमेंटची जमीन आणि लोखंडी कैच्यांवरचं, तिरप्या तुळयांच्या सांगाड्यावरचं छप्पर. गावात भक्कम असं तेवढंच होतं. वारा येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. समुद्रच उठून येईल, हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. कोर्ट किनाऱ्याला चिकटलेलं. पाणी शिरलं तसा तिचा थोरला भाऊ निलो पोरांना एकेक करून वर कैच्यांवर ढकलू लागला. लेनलेनला त्यानेच वर ढकललं. वरून तिला त्याचं डोकं दिसत होतं, मग दिसेनासं झालं.

निलो गावचा सगळ्यात चांगला खेळाडू होता. पुढे कोर्ट पुन्हा उभं राहिलं, आणि दर वर्षी फिएस्ताला, गावच्या जत्रेला, तिथे त्याच्या नावाने स्पर्धा होऊ लागली. चषक द्यायला त्याची आई, पुरिंग. त्या एका दिवशी ती नवा पोशाख करायची.

लेनलेन ही गोष्ट पहिल्यांदा बोलली ती शाळेच्या सभेत. मग ताक्लोबानला, मग मनिलाला. समुद्र का तापतो, वादळं का माजतात, ज्यांनी जगाचा धूर केला ते कोरडे कसे आणि चुलीपलीकडे ज्यांनी कधी काही जाळलं नाही ते पाण्यात कसे, हे ती इतकं सरळ सांगे की मोठमोठे लोक मान खाली घालत. आता तिला परदेशातल्या एका मोठ्या परिषदेचं बोलावणं आलं होतं. गावानेही तिला तरुण मंडळाची अध्यक्ष म्हणून निवडून दिलं होतं.

आणि गावात काय? कोर्टाला नवा रंग लागला होता आणि त्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘वादळात आसरा येथे’. वादळ आलं तर टेकडीवर जायचं, हे लेनलेन घरोघर सांगून थकली. टेकडीवर चढण्याची तालीम तिने ठेवली, तेव्हा आल्या दोनतीन म्हाताऱ्या आणि त्यांच्यामागे एक कुत्रं. व्यासपीठावर टाळ्या घेणारी पोर त्या दिवशी टेकडीवर एकटी उभी राहिली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

यंदाच्या फिएस्ताच्या बैठकीत ती उठली आणि म्हणाली, “यंदा स्पर्धा टेकडीवर. खोबरं वाळवायच्या जागेवर रिंग लावू.”

बैठकीत हशा पिकला. निलोचा जिवलग मित्र बोयेत, मासेमारी करणारा आणि एका संघाचा कर्णधार, हात जोडून म्हणाला, “मॅडम, तिथून बॉल सुटला तर थेट शेजारच्या गावात! मग चषकही त्यांनाच देऊन टाकू, खाली आणायचा त्रास नको.”

गावचा कप्तान, म्हणजे सरपंचच, तेबान म्हणाला, “इंदाय, अगं पोरी, कोर्टाचा रंग अजून वाळला नाही. लोकांनी पाहायचा कधी?”

“तालमीला लोक येत नाहीत, सामन्याला येतात,” लेनलेन म्हणाली. “पायांना वाट कळली की डोक्याला सांगावं लागत नाही.”

हे त्यांना पटलं असं नाही. पण निवडून दिलेल्या पोरीला लगेच तोंडघशी कसं पाडायचं, म्हणून त्यांनी माना डोलावल्या.

घरी पुरिंग मासे तळत होती. बातमी लेनलेनच्या आधीच पोचली होती. पुरिंगने वळून पाहिलं नाही.

“तिथे तो खेळला. तिथेच गेला. त्याला उचलून कुठे चाललीस?”

“नानाय,” लेनलेन आईला म्हणाली, “मी लोकांसाठी…”

“मनिलाला नेलंस त्याला. आता परदेशी नेणार. त्याच्या नावावर टाळ्या पडतात, पडू देत. माझ्याकडे तेवढं कोर्टच आहे गं.”

कढईत तेल तडतडत राहिलं.

स्पर्धा टेकडीवर सुरू झाली. जमीन उतरती. चुकलेला बॉल घरंगळत अळूच्या वाफ्यात जाई आणि दोन्ही संघ त्याच्यामागे धावत. लोक आधी बॉलला हसायला आले, मग खेळ पाहायला आले, मग चटया आणि नारळाच्या दुधातल्या अळूची पातेली घेऊन येऊ लागले. माडीचे घडे आले तेव्हा लेनलेनने ओळखलं, आता हे रोज येणार. पुरिंग मात्र एकदाही चढली नाही. रोज संध्याकाळी ती रिकामं कोर्ट झाडत बसे.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळीच रेडिओवर वादळाचा इशारा आला. दुपारपर्यंत समुद्राचा रंग शिशासारखा झाला. त्याच वेळी परिषदेच्या लोकांचा मनिलाहून फोन आला. ताक्लोबानकडे जायचा पूल बंद होण्याआधी गाडी पाठवतोय, लगेच निघ, नाहीतर विमान चुकेल. लेनलेनची बॅग दाराशी तयार होती. ती बॅग उचले, खाली ठेवी, अंगणात जाई, परत येई. बाहेर लोक निघाले होते. बरेचसे कोंबडे, पातेली, डुकरं घेऊन टेकडीची वाट धरत होते. पण काही जण कोर्टाकडे वळताना तिला दिसले.

“अगं, तिकडे कुठे?” तिने एका बाईला विचारलं.

“पुरिंग बसलीय ना तिथे. तिचं पोर गेलं तिथे आणि तीच बसलीय, मग आम्हाला कसली भीती?”

लेनलेनने फोन करून सांगितलं, गाडी पाठवू नका. आणि ती धावत सुटली.

कोर्टाच्या मधोमध पुरिंग चषक मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या भोवती पाचसहा घरं चटया पसरत होती. मागून बोयेत आणि त्याचा संघ खेळाच्या कपड्यांतच आला.

“नानाय, फायनल वर आहे आणि चषक तुमच्याकडे. नवरी इथे, लग्न तिथे, असं कसं चालेल?”

“वादळात फायनल? डोकी ठिकाणावर आहेत का रे मेल्यांनो?”

“निलो पावसात खेळायचा. तुम्हीच मारायच्या त्याला चिखल आणला म्हणून.”

पुरिंगने चषक आणखी घट्ट धरला.

लेनलेनने तोंड उघडलं. तिला माहीत असलेलं सगळं तिच्या ओठांवर आलं: पाणी किती चढतं, वारा कुठून येतो, कोर्ट किती खाली आहे. त्यातलं काही तिच्याने बोलवेना. ती आईजवळ गेली आणि सिमेंटवर बसली. मांडी घालून, समुद्राकडे पाठ करून.

“ऊठ,” पुरिंग म्हणाली.

“तू बसलीस ना? मीही बसते.”

“लेनलेन, ऊठ म्हणते ना!”

ती उठली नाही. तिचा पायही हलला नाही. ही पोर उसंत घेत नाही म्हणून जिने जन्मभर डोकं धरलं होतं, ती आई आता लेकीला अशी शांत बसलेली पाहून घाबरली. बाहेर एक मोठी लाट फुटली. पुरिंग धडपडत उठली, लेकीच्या दंडाला धरून तिने ओढलं आणि भोवतालच्या बायकांवर खेकसली, “बघताय काय? चटया गुंडाळा!”

वाटभर ती शिव्या देत होती. गुडघ्याला, बोयेतला, टेकडीला, पोटच्या पोरीला. पण चढत होती.

वर सामना सुरू झाला आणि पुरा झालाच नाही. वाऱ्याने बॉल उडवला तो कोणाला सापडला नाही. मग सगळे खोबऱ्याच्या शेडखाली दाटीवाटीने बसले. पाऊस आडवा येत राहिला, माणसं आणि डुकरं एकमेकांना खेटून भिजत राहिली.

वादळ गावावर आलंच नाही. ते समुद्रातच उत्तरेला वळलं. सकाळी सगळे टेकडीच्या कडेला उभे राहून खाली पाहू लागले. कोर्ट जागच्या जागी होतं, जमीन नुसती पावसाने ओली, रंगही तसाच.

कप्तान तेबानने कंबर चोळली. “काय गं इंदाय, समुद्र तर आलाच नाही. आमच्या डुकरांची फुकट सहल झाली!”

लोक खोखो हसले. लेनलेनही हसायचा प्रयत्न करत होती. परिषद हुकली होती, त्याचं तिला तेवढं वाटलं नाही. पण पाणी यायला हवं होतं, निदान कोर्टाच्या पायरीपर्यंत, असं क्षणभर तिच्या मनात आलं होतं, आणि त्या विचाराने ती आतून हादरली होती. पुढच्या वेळी कोण चढेल? ‘मागच्या खेपेला काय झालं?’ म्हणतील आणि खालीच बसतील. ती शेडच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत येरझाऱ्या घालू लागली.

“तेबान,” पुरिंग म्हणाली, “मागल्या आठवड्यात तुझ्या जाळ्यात एकही मासा आला नाही. होडी फोडून चुलीत घातलीस का?”

“ते वेगळं, पुरिंग.”

“काही वेगळं नाही.”

तेबानने तोंड वाकडं केलं आणि कोंबडा काखेत मारून तो उतरायला लागला. बरेच जण त्याच्यामागे गेले, कुरकुरत, घसरत. पुरिंग मागे राहिली. तिने भाताचं पातेलं पावसाच्या पाण्याने घासलं, पालथं करून झटकलं आणि शेडच्या आतल्या खिळ्याला अडकवलं.

“नानाय, पातेलं राहिलं,” लेनलेन म्हणाली.

“राहू दे. हे ओझं परत कोण चढवत बसणार?”

बायका थबकल्या. एकीने आपली चटई गुंडाळून कैचीच्या वर सारली. दुसरीने जरा विचार केला, आणि आपली चटई काखेला मारून खाली निघाली. लेनलेन त्या दोघींकडे पाहत राहिली, आणि मग दुसरीच्या मागे धावली.