चुकलेली पंचमी

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. मागून काही मिळत नाही असं वाटून बारावीनंतर मी देवाशी बोलणंच सोडलं होतं. चामोर्शीच्या पुढे बंगाली निर्वासितांची आमची वसाहत. बाबा सरकारनं दिलेल्या तुकड्यावर धान लावत. चंद्रपूरच्या अध्यापक विद्यालयात माझा नंबर लागला, पण वसतिगृहाचा खर्च झेपणारा नव्हता. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर शिकणं सोडायचं आणि लग्नाला उभं राहायचं, हे घरात ठरलेलंच होतं.

ती शिष्यवृत्ती एका दिवंगत गुरुजींच्या नावाची होती. आमच्या वसाहतीतली पहिली शाळा त्यांनी झाडाखाली भरवली होती. त्यांच्यामागे चंद्रपुरात राहणाऱ्या त्यांच्या पत्नी ती निर्वासितांच्या आणि खाणीत पोट भरायला आलेल्या मजुरांच्या मुलांना देत; त्या निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांचं पत्र आलं: श्रावण वद्य पंचमीला गुरुजींची तिथी, त्या दिवशी कागदपत्रं घेऊन या. बाबांनी आमचं बंगाली पंचांग काढून दिवस मोजला आणि आम्ही एस.टी.नं निघालो. आधी महाकालीचं दर्शन, हा बाबांचा हट्ट. त्यांच्या लेखी बंगालातली काली आणि चंद्रपूरची महाकाली एकच. मी हात जोडले, मागितलं काहीच नाही.

बाईंच्या दारी माणसांची चाहूलच नव्हती. त्या एकट्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. पत्र पाहून म्हणाल्या, "आज आखाडातली पंचमी आहे, भाऊ. आमचा श्रावण अजून लागाचाच आहे. तिथीले महिना आहे."

बंगाली महिने आणि मराठी महिने वेगळे चालतात, हे बाबांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला देवीचा असा राग आला की सांगता सोय नाही. ऐकायचं नसेल तर नको ऐकूस, पण अशी थट्टा कशाला?

बाईंनी आत नेऊन जेवू घातलं. आलाच आहात तर कागद दाखवा, म्हणाल्या. छावणीतून मिळालेला कुटुंबाचा जुना कागद त्यांनी दोनदा वाचला.

"याच्यात तुहं नाव कुठी आहे, पोरी?"

नव्हतंच. कागद जुना, माझा जन्म वसाहतीतला. आता तहसीलचा दाखला हवा होता, आणि त्याला तीन आठवडे सहज लागत.

"श्रावणातल्या पंचमीलेच आली असती तर मले तुले परत पाठवा लागलं असतं," बाई म्हणाल्या. शिष्यवृत्तीच्या समितीतले बाकीचे दोघे कागदाशिवाय हलत नसत.

दुसऱ्या दिवशी साठी उलटलेल्या बाई आमच्यासोबत एस.टी.त बसल्या, आणि माझा अर्ज घेतला जाईपर्यंत चामोर्शीच्या तहसील कचेरीच्या बाकावरून उठल्या नाहीत. मी त्यांची कोण होते?

दाखला वेळेत आला, आणि खऱ्या पंचमीला माझं नाव पुकारलं गेलं. त्याच दिवशी माजरीच्या एका तेलुगू खाणमजुराची मुलगी दाखल्याअभावी रिकाम्या हातानं परत निघाली. बाईंनी तिला थांबवून पुढच्या वर्षासाठीचा अर्ज तिथंच लिहून दिला, तरी हातातला पेढा मी न खाता रुमालात बांधून ठेवला. तिच्यात आणि माझ्यात फरक होता तो एका चुकीचा, आणि ती चूकसुद्धा माझी नव्हती.

पुढे मी शिक्षिका झाले. देवीपुढे उभी राहते, पण अमुक दे, अमुक दिवशी दे, असं आता सांगत नाही. बाई गेल्या. आखाड लागला की शिष्यवृत्तीसाठी येणाऱ्या पोरांना मी घरी बोलावते, जेवू घालते, आणि प्रत्येकाच्या कागदावर त्याचं नाव शोधते.