राणीचा पाट आणि आमची विहीर

लहानपणी आई पाणी शेंदताना एकच गोष्ट सांगायची, बगदादच्या राणीची. खलिफाची बायको, महालात वाढलेली. ती हजला गेली आणि मक्केत लोक घोटभर पाण्यासाठी तडफडताना पाहून हादरली. कारागीर म्हणाले, मध्ये डोंगर आहेत. राणी म्हणाली, मग डोंगर फोडा. तिने डोंगरातून पाट आणला, वाटेवर विहिरी आणि हौद बांधले. "डोंगर फोडा" म्हणताना आई रहाटाचा दोर असा हिसडायची, की राणी आमच्याच मोहल्ल्यातली वाटावी.

घर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर. मे महिन्यात सगळ्यांच्या विहिरी मचूळ व्हायच्या, आमचीच गोड राहायची. सकाळपासून अंगणात बायकांची ही गर्दी! भांडणं, हसणं, सुनांच्या उखाळ्यापाखाळ्या. पुस्तक घेऊन बसलेल्या मला त्या गोंगाटाचा संताप यायचा. पुढे नोकरीसाठी सौदीला गेलो, तिथे दम्मामच्या कॅम्पात एसीची घरघर ऐकत पडलो की त्याच गोंगाटासाठी जीव कासावीस व्हायचा.

तरीही मी सगळ्या गल्फवाल्यांसारखं केलं, फोनवरून घर बांधायला काढलं. नकाशात गाडीची शेड नेमकी विहिरीवर येत होती. आईने साफ सांगितलं, "मी जिती आहे तोवर विहिरीला हात लावायचा नाय."

आता नळ आलाय, विहिरीवर कोण येतं, असं कंत्राटदार म्हणायचा. ते अर्धंच खरं होतं. उन्हाळ्यात नळ रुसला की बायका यायच्याच. पण मला शेड हवी होती, गाडी दारात दिसायला हवी होती. मी आईला उमऱ्याला, मक्केच्या छोट्या यात्रेला बोलावलं. तिची जन्माची इच्छा होती, आणि माझी हौसही खोटी नव्हती. फक्त कंत्राटदाराला सांगून ठेवलं, आई इकडे आहे तोवर उरकून टाक. यल्ला, लवकर.

उमरा झाल्यावर तिला मक्केजवळच अराफातला नेलं. तिथे डोंगराच्या कुशीत दगडी पाटाची भिंत अजून उभी आहे. पाणी नाही.

"आये, हाच तुझ्या राणीचा पाट."

आईने चपला काढल्या. तापलेल्या दगडावर तळहात ठेवला आणि लेकीशी बोलावं तशी म्हणाली, "बाय, अजून नाव घेतायत गो तुझं." मग माझ्याकडे वळली. "आपली विहीर एवढीशी. पण पाणी प्यायलेलं एखादं माणूस माझंपण नाव घेईल ना रे?"

त्याच सकाळी कंत्राटदाराचा फोटो आला होता. विहिरीत चिऱ्यांचे तुकडे, वर माती. फोन माझ्या खिशात होता. सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "चल, ऊन वाढतंय."

ती घरी पोचली त्या दिवशी फोन करायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी तिचाच आला. मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी सगळ्यांना वाटलं म्हणाली, खजूर चांगले निघाले म्हणाली. शेवटी मीच विचारलं, "आये, विहीर..."

"बघितली. बायका आल्या होत्या विचारायला. मी सांगितलं, मीच बुजवून घेतली. आता मला लोकांची ये-जा सोसवत नाय म्हणून."

"असं कशाला सांगितलंस?"

"तू लांब. तुला कोण बोललं तर उत्तर द्यायला तू इथं नाय. मी आहे."

त्यापेक्षा तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कॅम्पाच्या जिन्यात बसून लहान पोरासारखा रडलो.

आईला जाऊन आता तीन वर्षं झाली. मी सुट्टीला जातो. उन्हाळ्यात नळ गेला की शेजारणी अजून बोलतात, म्हातारीने जाता जाता पाणी तोडलं. मी ओट्यावर बसून ते ऐकतो. खरं काय ते आजवर त्यांच्यातल्या एकीलाही सांगितलेलं नाही.