माश्या सोडणारा मास्तर

किड्यांवर नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से फार साठतात. चार मित्र जमले की मी सुरू होतो आणि सगळे हसतात. हल्ली सांगता सांगता मीच मध्ये थांबतो.

*

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. वसईकडच्या माडांवर काळ्या डोक्याची अळी पडली होती. झावळ्या भाजल्यासारख्या दिसायच्या. या अळीच्या अंगावर अंडी घालून तिला मारणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या वटार गावातल्या शेडमध्ये पाळायच्या आणि वाड्यांत सोडायच्या, हे माझं सरकारी काम!

पहिलं पार्सल घ्यायला स्टेशनवर गेलो. क्लार्कने विचारलं, "यात काय?"

"माश्या."

तो बघतच राहिला. "सरकार माश्या पाठवतं? अहो, आमच्याकडे काय कमी आहेत!"

*

पहिल्यांदा माश्या सोडल्या त्या जूचंद्रला, बायजाबाईंच्या वाडीत. बाई विधवा. खाडीकडेला तीसेक माड, त्यांच्यावरच घर चाललेलं. निम्मा गाव बघायला लोटला. मी माश्यांच्या नळ्यांची बुचं काढली. माशी ती केवढी, मुंगीएवढी! कोणाला काही दिसलंच नाही.

"झालं?" एकाने विचारलं.

"झालं."

लोक हिरमुसले. बायजाबाईंनी मात्र हात जोडले. "दिसत नाय नि काम करतं? मंग देवावानीच हाय की!"

माड हिरवे झाले. तेव्हापासून त्या माझ्या शब्दाबाहेर जाईनात.

*

शनिवारी मी जूचंद्रच्याच शाळेत विज्ञान शिकवायचो. एकदा अंडी चिकटलेली जिवंत अळी वर्गात फिरवली. मथुरा नावाची मुलगी होती, कधी न बोलणारी. तिने हात वर केला. "सर, अळीला कळत असेल का हो?"

मी म्हणालो, "परीक्षेत येणार नाही!"

वर्ग खो खो हसला. मीही हसलो.

मथुराने पुन्हा हात वर केला नाही. इतक्या वर्षांत त्याहून चांगला प्रश्न मला कोणी विचारलेला नाही.

*

मग डी.डी.टी. आली. माश्या पाळणं बंद करा, असा हुकूम निघाला. फवाऱ्याने अळीबरोबर माश्याही मरतील, हे सांगायला मी साहेबांकडे गेलो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पावडरीला बजेट आहे. तुमच्या माश्यांना आहे का?"

माझ्याकडे उत्तर होतं. ते मी गिळलं. संसार नवा होता, नोकरी कच्ची होती. दुसऱ्याच आठवड्यात मी पंप घेऊन गावोगाव प्रात्यक्षिकं करत होतो!

*

जूचंद्रला बायजाबाईंनी विचारलं, "मास्तर, आपल्या माश्यांना काय व्हनार नाय ना?"

"नाही हो, काही नाही," मी म्हणालो आणि त्यांच्या माडांवर फवारा मारला.

पुढच्या साली अळी दुपटीने आली. तिला मारणारं कोणी उरलंच नव्हतं. बायजाबाईंचे माड पुन्हा करपले.

त्या थेट शाळेत आल्या, स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या. मी उठलो. सगळ्या मास्तरांदेखत म्हणालो, "बाई, मी खोटं बोललो. माश्या मरणार, हे मला माहीत होतं."

त्या म्हणाल्या, "तशा माश्या परत मिलतील?"

"मिळतील. मी स्वतः आणतो."

"आना. सोडा." त्या जायला वळल्या. "नि मंग मास्तर, तुमी परत येव नका!"