कांद्याच्या पापुद्र्याचे गुण

निलोफर मुलाणी भोरहून एस.टी.नं भोंगवलीकडच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायला जातात. यंदा आठवीच्या प्रात्यक्षिकाला त्यांनी मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवला आणि दिसेल ते काढायला सांगितलं. बहुतेकांनी पुस्तकातल्यासारख्या एकसारख्या विटा रचल्या. शेफालीनं वेड्यावाकड्या पेशी काढल्या. मध्येच जाड काळ्या कडेचा एक गोल काढून शेजारी लिहिलं, 'हवेचा बुडबुडा'.

निलोफरबाईंनी तिला पाचपैकी साडेचार दिले. फेरतपासणीत दुसऱ्या तुकडीला विज्ञान शिकवणाऱ्या आनंदराव सरांनी त्याच आकृतीला दीड दिला, विटांना मात्र पैकीच्या पैकी.

बाईंचं डोकं फिरलं. तपासणारा बदलला की मार्क बदलणार, मग पोरांनी शिकायचं काय? त्यांनी निकष लिहून काढले आणि दोघांनी पुन्हा तपासलं. तरी तीच गत. 'आकृती स्पष्ट' म्हणजे सरांच्या लेखी रेघा सरळ. बाईंच्या लेखी पेशीचे भाग वेगळे ओळखू येणं. बाईंनी तो शब्दच खोडला. 'पेशीची भिंत कुठं तुटलेली नाही', 'केंद्रक पेशीच्या आत आहे', असं डोळ्यांनी पडताळता येईल ते लिहिलं. सर आडमुठे नव्हते. कुरकुरत का होईना, पुन्हा बसले. आता गुण बरेच जुळले.

एक निकष तेवढा छळत राहिला: 'पाहिलेलंच काढलं आहे'. काही आठवड्यांनी बाईंनी नावं झाकून आपल्याच तपासलेल्या आकृत्या परत तपासल्या, तर त्यांचं स्वतःशीच जुळेना. पोरानं खरंच पाहिलं की नाही, हे नुसत्या कागदावरून कळणार कसं? प्रत्येकाची काचपट्टी शेजारी ठेवून ताडून बघायला हवी होती. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच.

तरी जमलेल्या निकषांचा कागद घेऊन त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. त्यांनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला. सुबक आकृतीला गुण कमी का, असं पालक विचारतात, म्हणाले. गुणांचा छापील तक्ता आहे तोच चालू द्या. त्या तक्त्यात निम्मे गुण टापटिपीला होते.

निलोफरबाई कागद उचलून बाहेर आल्या.

पुढच्या प्रात्यक्षिकाला शेफाली कोरा कागद घेऊन टेबलाशी आली.

"मॅडम, बगून काढू का पुस्तकातलं काढू?"

"बघून काढ," बाई म्हणाल्या. या खेपेला आकृत्या आनंदराव सर तपासणार होते, आणि तेही छापील तक्त्यावरून. ते तिला सांगावं की नाही, हे बाईंना ठरवता येईना.